पाणीवाला, साचेवाला, घड्याळवाला

चैत्र लागला की अमडापुरात भल्या पहाटे शिजत्या चिकाचा वास सुटतो. कुरड्यांसाठी भिजत घातलेल्या गव्हाचा आंबूस वास त्याआधीच मोरीपाशी रेंगाळत असतो. मग एखाद्या पहाटे कोणाच्या तरी अंगणातल्या चुलीवर मोठं पातेलं चढतं, चीक घोटला जातो आणि तोच आंबूसपणा गोडसर, जाडसर होऊन गल्लीभर पसरतो. परवा तो असाच आला. मी चहा गाळत होते. गाळणी हातातच राहिली. इतरांना या वासानं भूक लागते. मला परीक्षा आठवते. तत्त्वज्ञानाचा इतिहास, पेपर पहिला. आणि परीक्षेच्या पाठोपाठ नसरीन.

नसरीन माझी शेजारीण. तिचं सासर आणि माझं सासर भिंतीला भिंत लावून. दोन्ही घरांवर एकाच मिस्त्रीनं एकाच उन्हाळ्यात स्लॅब टाकलेला, त्यामुळे मधला गुडघाभर कठडा ओलांडला की मी तिच्या घरावर, ती माझ्या. खाली दोन दारं होती, दोन चुली होत्या, दोन सासवा होत्या. वर मात्र एकच मोकळी जागा. तिचे मिस्टर इर्शादभाई बसस्टँडजवळ पंपांच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करत. विहिरीवरचा पंप बंद पडला की अख्खा शिवार त्यांच्या दुकानासमोर येऊन बसे. माणूस कमी बोलणारा. नसरीन त्यांच्या वाट्याचंही बोलून टाकायची.

बाहेरून एम.ए. करायचं हे तिच्याच डोक्यातून निघालं. आम्ही दोघीही बी.ए. होऊन लग्न झालेल्या, आणि लग्नानंतर बी.ए. हा शब्द फक्त लग्नपत्रिकेत उरलेला. एक दिवस ती कठडा ओलांडून आली, ओले हात ओढणीला पुसत म्हणाली, "चिखलीले नाव घालता येते, सुवर्णा. रविवारी वर्ग भरते. मी तं जाऊन राह्यली. तू येतं का?"

"कोणत्या विषयात?"

"तत्त्वज्ञान."

"तत्त्वज्ञान काऊन व? त्याचं काय करशीन?"

"मले भांडाले आवडते," ती म्हणाली, "अन् या विषयात भांडणाचेच मार्क भेटतात."

चिखलीच्या वर्गात आम्ही मोजकेच होतो आणि शिकवायला एक निवृत्त सर होते. साखरखेर्ड्याचे. एस.टी.नं यायचे, खिशात भाजलेले फुटाणे ठेवायचे, आणि शिकवता शिकवता एकेक तोंडात टाकायचे. पहिल्याच रविवारी त्यांनी आम्हाला सांगितलं, "हे पहा बाई, ह्या लोकांची मतं पाठ करू नका. प्रत्येकाला घरी घेऊन जा. चार दिवस पाहुणा म्हणून ठेवा. तुमच्या घरात तो कसा वागतो, काय खातो, कुठं अडखळतो ते बघा. मग काय ते पेपरात लिहा."

आम्ही ते अक्षरशः घेतलं. दुसरं काही करणंही शक्य नव्हतं म्हणा. परीक्षा असायची एप्रिलात, आणि एप्रिल म्हणजे वाळवणाचे दिवस. नवा गहू घरात आलेला, कुरड्या, शेवया, खारोड्या, पापड सगळं वर्षाचं त्याच महिन्यात करायचं. सुनेनं पुस्तक घेऊन खोलीत बसायचं हे आमच्या दोन्ही घरांत चाललं नसतं. पण स्लॅबवर वाळवणाची राखण करायला कोणीतरी लागतंच. बाजेवर जुनी लुगडी अंथरून त्यावर कुरड्या घातलेल्या, एका कोपऱ्यात पाण्याच्या टाकीची हातभर सावली, त्या सावलीत आम्ही दोघी, हातात एकेक काठी आणि मध्ये पुस्तक. एक पान ती वाचायची, एक मी. अडीच हजार वर्षांची माणसं तिथे एकामागून एक येऊन गेली.

त्यांची नावं आमच्या जिभेवर बसत नव्हती. म्हणून गावात ठेवतात तशी आम्ही त्यांना नावं ठेवली. पहिला आला तो पाणीवाला. सगळं जग मुळात पाण्याचं झालं आहे, असं म्हणणारा. मला तो लगेच पटला. मी नुकताच चीक घोटला होता. कोरडा खडखडीत गहू पाण्यात पडतो, फुगतो, पांढरं दूध होतो, शिजून काच होतो. पण नसरीनचं माहेर वरवट बकाल, घाटाखालचं, खारपाणपट्ट्यातलं. ती म्हणाली, "तुह्या पाणीवाल्याले आमच्या वरवटले पाठव. तिथल्या हिरीचं पाणी तोंडात घेतलं तं थुकून टाकशीन. सारं जग पाण्याचं, मंग ते गोड्या पाण्याचं का खाऱ्या?" या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात नव्हतं. सरांना विचारलं तेव्हा ते इतके हसले की फुटाणा घशात अडकला.

मग आला साचेवाला. त्याचं म्हणणं, इथल्या सगळ्या वस्तू म्हणजे कुठल्याशा खऱ्या, निर्दोष साच्याच्या कच्च्या नकला. हा माणूस आमच्या घरात आयुष्यभर राहिला असता. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, सोऱ्यातून पडणाऱ्या माझ्या प्रत्येक कुरडईकडे बघून मान हलवायच्या. माझी एक जाड, एक बारीक, एकीचं टोक सुटलेलं. "अशी नाई व होत कुरडई," त्या म्हणायच्या. मग कशी होते, तर ते दाखवणं त्यांनाही कधी जमलं नाही. खरी कुरडई फक्त त्यांच्या डोक्यात होती, आणि तिथून ती कधीच खाली उतरली नाही.

लोकायतांचा धडा वाचताना वानरं आली. दिसतं तेच खरं, पुढच्या जन्माच्या भरवशावर आजचं सुख टाकू नये, असं मी मोठ्यानं वाचत होते आणि एक वानरीण पोटाला पिल्लू धरून कठड्यावर बसून ऐकत होती. मी पान उलटायला खाली बघितलं, तेवढ्यात तिनं लुगड्याच्या कडेच्या ओल्या कुरड्या उचलल्या. नसरीननं काठी उगारली सुद्धा नाही. "राहू दे," म्हणाली. "त्या बाईनं धडा लवकर समजून घेतला."

बौद्धांचा क्षणिकवाद तिला अडचणीचा वाटला. दर क्षणी माणूस नवा असेल तर कालचं भांडण आजच्या इर्शादबरोबर पुढे चालवायचं कोणत्या तोंडानं? आणि कार्यकारण नाकारणारा तो गुबगुबीत साहेब, ज्याला आम्ही 'पाठोपाठवाला' म्हणायचो, तो तर आत्याबाईंच्या थेट वाटेत आला. त्याचं म्हणणं, आपल्याला एकामागून एक गोष्टी घडताना दिसतात. एकीमुळे दुसरी घडली हे कधीच दिसत नाही. त्याच आठवड्यात आमचा चीक फाटला होता आणि आत्याबाईंच्या मते त्याचं कारण स्पष्ट होतं, पलीकडच्या आळीतली एक बाई पातेल्यात डोकावून गेली होती. मी धीर करून त्यांना पाठोपाठवाल्याचं म्हणणं समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बरं. मंग उद्या चीक चढवू तवा बलाव तिले. पाहू फाटते का नाई."

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. गहू पायलीभर भिजलेला होता. त्या बाईला आम्ही बोलावलं नाही. पेपरात मात्र पाठोपाठवाल्याच्या बाजूनं जोरात लिहिलं.

रोज संध्याकाळी नसरीनला वरवटहून तिच्या अब्बांचा फोन यायचा. अब्बा आठवडी बाजारातून कापडाचं दुकान लावायचे, आज या गावी, उद्या त्या. स्वतःची शाळा लहानपणीच सुटलेली, पण मुलीला शिकवलं आणि लग्न ठरवताना पुढे शिकू देणार का हे आधी विचारलं. फोनवर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "आज किससे झगडा हुआ, बेटा?" मग नसरीन स्पीकर लावून त्यांना सांगायची, आज पाणीवाल्याशी, आज साचेवाल्याशी. पलीकडून बाजाराचा गलका ऐकू यायचा आणि मधूनमधून अब्बांचं "फिर?"

एकदा ती खरीच चिडली होती. ग्रीकांवर पानंच्या पानं, युरोपावर पानंच्या पानं, आणि मधल्या शेकडो वर्षांत ज्या अरबी पंडितांनी ग्रीकांचे ग्रंथ जपले, उलथून लावले, त्यांच्याशी वाद घातला, त्यांना पुस्तकात अर्धं पान. "आमच्यावाल्यायले अर्धच पान," ती अब्बांना म्हणाली. अब्बांना पानांचं काही वाटलं नाही. ग्रीकांना आपल्या लोकांनी सांभाळलं, एवढंच त्यांनी उचललं आणि पुढच्या बाजारात मिरचीवाल्यापासून भांडेवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं. नसरीनला नंतर कळलं, तिकडे लोक तिला 'ग्रीकवाली' म्हणायला लागले होते.

आता हे लिहिताना तो स्लॅब माझ्या डोक्यावरच आहे. वर सोलरचं पाणी तापवायचं यंत्र बसलंय, बाजेला जागा उरलेली नाही. कुरड्या मी खामगावहून विकत आणते. सर गेले. नसरीन आता खामगावला असते, तिथल्या एका ज्युनिअर कॉलेजात मुलांना तर्कशास्त्र शिकवते. इर्शादभाईंनी दुकानही तिकडेच नेलं. मी इथल्याच शाळेत शिकवते. महिन्यातून एखादा फोन होतो, आणि अर्ध्या फोनानंतर आम्ही कशावरून तरी भांडायला लागतो. कठडा अजून आहे. शेजारी आता भाडेकरू आहेत, चांगले आहेत. मी तो ओलांडत नाही.

सगळ्यात शेवटी आला होता घड्याळवाला. त्याच्या फिरायला निघण्यावरून गाव घड्याळं लावायचं म्हणे. नीतिशास्त्राच्या पेपराला तो हमखास येणार, असं सरांनी सांगून ठेवलं होतं. त्याचा नियम कडक होता: खोटं बोलू नये. कोणाचं भलं होणार असेल तरी नाही. दारात मारेकरी उभा राहून घरात लपलेल्या मित्राचा पत्ता विचारत असेल, तरीसुद्धा नाही. आम्ही दोघींनी त्याला पाहुणा म्हणून ठेवून घ्यायलाच नकार दिला. नसरीन म्हणाली, "ह्या माणसाले सासू नव्हती." मीही हसले. कुठल्या घरात दिवसाला चार खोटी बोलल्याशिवाय संध्याकाळ होते? भाजी छान झाली म्हणतो, माहेरी सगळं बरं आहे म्हणतो.

शेवटच्या वर्षाचे पहिले पेपर चांगले गेले होते. नीतिशास्त्राचा तेवढा राहिला होता. आदल्या दिवशी दुपारी मी वर पापड उलटत होते. इर्शादभाई जिन्यानं वर आले. ते कधी वर येत नसत. डोक्याचा रुमाल काढून हातात धरला आणि हळूच म्हणाले, "वहिनी, नसरीन खाली झोपेल हाय. एक गोष्ट हाय."

वरवटहून फोन आला होता. अब्बांना सकाळी बाजारात झटका आला. शेगावच्या एका दवाखान्यात ठेवलंय, डॉक्टर म्हणतात आता स्थिर आहेत, पण चोवीस तास बघावे लागतील.

"उद्या तिचा पेपर," इर्शादभाई म्हणाले. "दोन साल मेहनत केली तिनं. मी गाडी सांगून ठेवली. पेपर सुटला की चिखलीहूनच सीधा शेगावले नेतो. तोवर तिचा फोन मी दुकानात नेऊन ठेवतो, चार्जिंगचा बहाणा करतो. पण तिच्या घरचे तुमच्या फोनवर बी करतीन. म्हणून सांगून राह्यलो. तुम्ही फक्त काही बोलू नका."

त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. शांतपणे, सगळा विचार करून आखलेलं होतं. मी "बघते" म्हणाले. त्यांनी त्याचा अर्थ 'हो' असा घेतला असावा, कारण ते थोडे सैल झाले आणि रुमाल बांधत खाली गेले.

संध्याकाळी ऊन कललं तशी नसरीन वर आली. तोंड धुतलेलं, केस ओले, हातात पुस्तक. आम्ही वाळलेल्या कुरड्या डब्यात भरायला बसलो. कुरड्या हलक्या हातानं उचलाव्या लागतात, नाहीतर मोडतात. ती भरत भरत मला घड्याळवाला समजावत होती आणि मी हूं हूं करत होते. मध्येच ती थांबली.

"अब्बाचा फोन नाही आला आज," म्हणाली. "रोज येते, पेपराच्या आदल्या दिवशी तं येतेच. इर्शादनं फोन दुकानात नेला, पण त्यायनं त्याले तरी केला असता. तुह्याकडे आला का?"

माझ्या हातात एक कुरडई होती. मला अजूनही तिचा स्पर्श आठवतो, उन्हानं कोमट, काचेसारखी. मला वाटलं, 'नाही' म्हणणं किती सोपं आहे. खरंतर ते खोटंही झालं नसतं. माझ्या फोनवर कोणाचाच फोन आला नव्हता. शब्दाला शब्द धरून मी सुटले असते. पण ती मला शब्द विचारत नव्हती. ती अब्बांबद्दल विचारत होती, आणि विचारताना माझ्या तोंडाकडे बघत होती.

"अब्बांना शेगावच्या दवाखान्यात ठेवलंय," मी म्हणाले. "सकाळी झटका आला. आता बरे आहेत म्हणतात. इर्शादभाईंना माहीत आहे. पेपर झाल्यावर ते तुला नेणार होते."

ती रडली नाही. डब्याचं झाकण लावलं, नीट दाबून. उठली. कठडा ओलांडताना तिचा तोल थोडा गेला, पण मी हात देण्याआधीच ती पलीकडे होती. खालून आवाज आले, जास्त नाहीत. थोड्या वेळानं मोटारसायकल बाहेर काढल्याचा आवाज आला. मी वरून बघत होते. इर्शादभाईंनी मोटारसायकलला किक मारण्यापूर्वी एकदा वर बघितलं. त्या नजरेत राग होता का, हे मला त्या अंधुक उजेडात कळलं नाही. दोघं खामगावच्या रस्त्यानं घाटाकडे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच चिखलीला गेले. माझ्या शेजारचा बाक रिकामा. प्रश्नपत्रिकेत घड्याळवाला होताच, सर म्हणाले होते तसा. मी बाकीचं जेमतेम लिहिलं आणि त्या प्रश्नापाशी येऊन बसून राहिले. काय लिहायचं ते पाठ होतं. पण आदल्या संध्याकाळी जे केलं ते बरोबर केलं की नाही हे मला माहीत नव्हतं, आणि ते माहीत नसताना त्या प्रश्नाचं पाठ उत्तर उतरवून काढायचं म्हणजे कोणाच्या तरी अंगणात बसून दुसऱ्याच्याच घराची गोष्ट सांगण्यासारखं वाटत होतं. मी पेपर देऊन उठले. त्या विषयात नापास झाले.

शेगावात त्या दुपारी काय झालं ते नसरीननं मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं, स्लॅबवरच, पायाला पाय लावून बसून. रात्रभर अब्बा गुंगीतच होते. ती उशाशी बसून होती. दुपारी त्यांनी डोळे उघडले, तिला ओळखलं, आणि लगेच कपाळाला आठी घातली.

"पेपर तो आज था ना?"

"हो गया, अब्बा," नसरीन म्हणाली. "सबेरे था. देकेच आई."

आठी गेली. "क्या पूछे?"

मग तिनं त्यांना अख्खा पेपर सांगितला. न बघितलेला. पहिला प्रश्न हा होता, त्याचं मी असं लिहिलं; दुसऱ्यात साचेवाला आला होता, त्याला मी असा धरला. मध्येच त्यांचा डोळा लागायचा. जागे झाले की म्हणायचे, "फिर?" आणि ती पुढचा प्रश्न सांगायची. संध्याकाळपर्यंत तिनं त्यांना इतके प्रश्न सांगितले की तीन पेपर झाले असते.

त्या आठवड्याच्या शेवटी अब्बा गेले. मुलगी पेपर देऊन आली होती, असंच समजून गेले.

"मी होती तिथं त्या रात्री," नसरीन म्हणाली. "ते झोपेलच होते. त्यायले माहीत बी नव्हतं का मी हाय म्हणून. पण मी होती."

एवढंच तिनं मला म्हटलं. ते आभार होते की काय, मी विचारलं नाही.

इर्शादभाई मात्र बदलले. भांडले नाहीत; भांडणाऱ्यांतले ते नव्हतेच. पण माझ्याशी बोलणं 'हो', 'नाही', 'घरात नाही' एवढ्यावर आलं. त्यांचं म्हणणं नसरीनच्या तोंडून माझ्यापर्यंत आलं. पेपर देऊन निघाली असती तरी ती वेळेवर पोचली असती. अब्बांशी तेच बोलणं झालं असतं, आणि खोटं न सांगता झालं असतं. वर्षही वाचलं असतं. हिशेब बरोबर होता. मी तो कितीदा तरी मांडून पाहिला, दरवेळी तेच उत्तर यायचं. आणि तरी ती संध्याकाळ पुन्हा समोर आली, तिनं पुन्हा माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, तर मी दुसरं काही बोलू शकले असते असं मला वाटत नव्हतं. घड्याळवाल्याला आम्ही पाहुणा म्हणून ठेवलं नव्हतं. तो न विचारताच येऊन राहिला होता.

पुढच्या एप्रिलात आम्ही दोघी त्या एका पेपराला पुन्हा बसलो. इर्शादभाई स्वतः आम्हाला आणायला आले, कारण उन्हानं गाड्या उशिरा सुटत होत्या. परीक्षेच्या केंद्राबाहेर रस्त्याच्या कडेला उसाच्या रसाची गाडी होती. कडुलिंबाच्या सावलीत तीन ग्लास घेऊन आम्ही उभे राहिलो. प्रश्न तोच आला होता, शब्द थोडे फिरवून: परहितासाठी असत्य समर्थनीय आहे काय?

"तू काय लिवलं?" नसरीननं मला विचारलं.

मी सांगितलं. मी लिहिलं होतं की ज्याचं भलं करायचं म्हणून आपण त्याच्यापासून काही लपवतो, त्याला आपण आधी आपल्यापेक्षा लहान समजलेलं असतं. पण हेही लिहिलं होतं की मी असा एक माणूस पाहिला आहे, ज्याच्या लपवण्यात मायेशिवाय दुसरं काही नव्हतं, आणि त्याला दोषी म्हणायला माझा हात धजत नाही. इर्शादभाई ग्लासातल्या बर्फाकडे बघत होते.

"मी लिवलं, बोलता येते खोटं," नसरीन म्हणाली. "पण ज्यानं बोललं त्यानं ते आपल्या नावावर ठेवावं. दुसऱ्याच्या भल्याच्या खाती टाकू नये. मी अब्बाले जे सांगतलं ते मले पाह्यजे होतं म्हणून सांगतलं. त्यायची आठी मले पाहवत नव्हती."

रसवाल्यानं चरकात ऊस घातला. घुंगरं वाजली, थांबली. मग इर्शादभाई बोलायला लागले. आमच्याकडे बघून नाही, रस्त्याकडे बघून.

"माहे अब्बा गेले तवा मी सुरतले होतो," ते म्हणाले. "कामाले. लग्नाच्या आंधीची गोष्ट. घरून फोन आला का तब्येत जराशी नरम हाय, घाबरू नको, सावकाश ये. मंग मी सावकाश आलो. वाटेत जळगावले एका दोस्ताकडे उतरलो. जेवलो. तो म्हणे पिक्चर पाहू, तं पिक्चर पाह्यला. सकाळी नाश्टा करून निघालो. घरी पोचलो तं कबरीच्या मातीवर पाणी मारून बी झालं होतं."

नसरीननं ग्लास ओठांपासून खाली घेतला.

"कोणाले काही म्हणता येत नव्हतं," ते म्हणाले. "सगळ्यायनं माह्या भल्यासाठीच केलं होतं. परवासात पोरगा घाबरीन म्हणून. अन् पाहा ना वहिनी, माह्यावर टाइम आला तं मी बी तेच केलं. मले तवा वाटलं बी नाही का हे तेच हाय. मले वाटलं, मी भलं करून राह्यलो."

पूर्ण वर्षानंतर ते माझ्याशी एवढं बोलले होते. नसरीनचा ग्लास तिच्या हातात तसाच होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिनं हे कधी ऐकलं नव्हतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

"मले काऊन नाही सांगतलं कधी?" तिनं विचारलं. आवाजात भांडण नव्हतं.

"काय सांगू? का पिक्चर पाह्यला म्हणून?"

समोरून चिखली-खामगाव गाडी धूळ उडवत गेली.  मग नसरीननं आपल्या ओढणीच्या टोकानं त्यांच्या खांद्यावरची धूळ झटकली, दोनदा, हळूच.

"कोणता पिक्चर होता?" तिनं विचारलं.

"आठवत नाही," इर्शादभाई म्हणाले.

ते मोटारसायकलपाशी गेले. किल्ली लावली, आरसा उगाच सारखा केला. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "आठवते."

 नसरीन मागे बसली, आणि माझ्यासाठी थोडी पुढं सरकली.